चौकटीतली पाच भोकं

आमच्या मुख्य दाराच्या चौकटीला, वरच्या डाव्या कोपऱ्यात, पाच भोकं आहेत. गेल्या दसऱ्याच्या आधी रंगकाम काढलं, तेव्हा पेंटरने लांबीचा पत्रा तिथं टेकवला आणि म्हणाला, “आजी, ही सगळी बुजवून टाकतो.” “थांब जरा,” मी म्हटलं. तो दुसऱ्या भिंतीकडे वळला आणि मी स्टूल ओढून त्या कोपऱ्याखाली बसले. या घरात बाहेरचं जग तारेवरून जेव्हा जेव्हा आलं, तेव्हा ते याच कोपऱ्यातून आलं.

वाशीच्या या सिडकोच्या इमारतीत आम्ही १९९३ साली राहायला आलो. आदल्याच वर्षी लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचली होती आणि नवी मुंबई महापालिकाही त्याच वर्षी जन्मली होती. त्याआधी आम्ही गिरगावातल्या चाळीत. तिथलं वायरिंग सगळं भिंतीच्या वर, लाकडी पट्ट्यांवर क्लिपा मारून केलेलं. सासरे कौतुकाने सांगायचे, की जुना वायरमन येताना ओळंबा आणि रंगाची दोरी घेऊन यायचा, आधी भिंतीवर रेघ मारायचा आणि मगच पट्टी ठोकायचा. तार छतापासून स्विचपर्यंत काटकोनात उतरायची. लपवलेलं काहीच नव्हतं, पण लोंबणारंही काही नव्हतं. वाशीच्या घरात आलो तेव्हा दिवे-पंख्यांच्या तारा भिंतीत गेल्या होत्या आणि आम्हाला ते फार आधुनिक वाटलं. टेलिफोनसाठी वेगळा पाइप मात्र नव्हता. ज्या काळात फोन मिळणं हेच नवल होतं, त्या काळात त्याच्यासाठी भिंतीत जागा ठेवायचं कुणाच्या डोक्यात येणार?

पहिलं भोक टेलिफोनचं. लाइनमन आला, त्याने गिरमिट काढलं आणि विचारलं, “वहिनी, कुठं काढू?” लाकडाचा भुसा उंबऱ्यावरच्या रांगोळीत पडला. खालच्या डीपीतून आलेली काळी तार चौकटीवरून फिरून, वीत वीत अंतरावर क्लिपा मारत, कोपऱ्यातल्या तिपाईवर उतरली. ती लपवावी असं कुणालाही वाटलं नाही. उलट पाहुण्याला दारातूनच ती दिसली पाहिजे होती. सासूबाईंनी फोनवर घालायला क्रोशाचं झाकण विणलं, तारेवर नाही. मला वाटतं, आपण तार लपवायला लागतो ती तिची नवलाई संपल्यावर.

दुसरं भोक केबल टीव्हीचं. जाड काळी वायर गच्चीवरून जिन्यात लोंबत आलेली, आणि तिच्या मधल्या डब्याला वीज सोसायटीच्या जिन्यातल्या दिव्यावरून. त्यावर जनरल बॉडीत जी भांडणं झाली, ती इथे नकोत.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. आमच्याकडे ते तीन-चार वर्षांनी आलं आणि त्याच्यासाठी नवं भोक लागलं नाही. फोनचीच तार तिपाईपासून बेडरूमपर्यंत लांबवली, काही सतरंजीखालून, काही पडद्यामागून. मोडेम किंचाळायचा, जोडणी लागायची आणि तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातला पॅरलल फोन उचलायच्या. सतरंजीखालची तार पायांनी चेपली जाऊन वर्षभरात आतून तुटली. जिथं माणूस चालतो तिथं तार घालायची नसते, हे त्यातून कळलं.

तिसऱ्या भोकाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तिथून खरी गंमत सुरू झाली. २००१ सालची गोष्ट. केबलवाल्यानेच इंटरनेट सुरू केलं. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर करड्या वायरी ओढल्या, आमच्या मजल्यावर जिन्यात पत्र्याच्या डब्यात हब बसवला. वायर जोडायला आलेला पोरगा विशीचाही नव्हता. “काकू, लाइट जरा इकडे धरा.” त्याने वायरीचं करडं कातडं सोललं, आतल्या आठ बारीक तारा बोटांनी सरळ केल्या आणि शाळेतला पाढा म्हणावा तसं पुटपुटायला लागला, “केशरी-पांढरा, केशरी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी.” मग टोकं एका रेषेत कापली, पारदर्शक क्लिपमध्ये सारली, पकडीने कट्ट करून दाबली. टेस्टरवर एकापाठोपाठ एक दिवे लागले. इतकं नेटकं काम मी त्याआधी फक्त चांगल्या सोनाराकडे पाहिलं होतं.

त्या आठ तारा चार जोड्यांनी असतात आणि प्रत्येक जोडीतल्या दोघी एकमेकींना पीळ देऊन असतात. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचीच. तिचं पेटंट त्याने १८८१ साली घेतलं होतं. बाहेरचा विजेचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच येतो. जाणारी खूण मात्र दोघींवर उलटसुलट असते, म्हणून दुसऱ्या टोकाला फरक काढला की खरखराट वजा होतो आणि खूण उरते. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या मापाचा असतो, म्हणजे शेजारणीची कुजबुजही ऐकू येत नाही. म्हणून टोकाशी पीळ जितका कमी सोडवाल तितकं बरं. अर्ध्या इंचाच्या वर सोडवू नये.

काम नेटकं, पण वाट भलतीच. गच्चीवरून जिन्याच्या जाळीतून आत येणारी वायर सरळ उतारावर त्या पत्र्याच्या डब्यात शिरत होती. पहिल्याच पावसाळ्यात पाणी वायरीच्या अंगावरून ओघळत आलं आणि हब भरला. वीज मंडळातून निवृत्त झालेले शेजारचे काका चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “आत शिरायच्या आधी तिला एक झोल द्या. खाली उतरून मग वर चढू दे. थेंब तिथंच गळून पडतो.” झोल दिला आणि पाणी थांबलं. विजेचं काही थांबलं नाही. मे-जूनमध्ये ढग गडगडले, की दोन गच्च्यांमध्ये टांगलेल्या वायरी ती धडक थेट कॉम्प्युटरपर्यंत आणायच्या. दोन लॅन कार्डं गेल्यावर आमचा मुलगा शहाणा झाला. आभाळ काळवंडलं, की तो आधी वायर उपटायचा आणि मग खिडक्या लावायचा.

२००५ च्या सुरुवातीला एमटीएनएलचं ट्रायबँड आलं आणि पहिल्या भोकातली म्हातारी तार पुन्हा कामाला लागली. २५६ केबीपीएस म्हणजे तेव्हाच्या सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड.

मग २००९ साली घर नव्याने करून घेतलं. मला तोवर वायरींचा वीट आला होता. चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या लावून झाल्या होत्या. आपल्याकडच्या दमट हवेत तो डिंक दुसऱ्या पावसाळ्यात सुटतो आणि रात्री दोन वाजता पट्टी धाडकन जमिनीवर येते. म्हणून मी वायरमनला एकच सांगितलं, “मला एकही वायर दिसता कामा नये.” चूक माझीच. दिसता कामा नये हे सांगितलं, पण काढता आली पाहिजे हे सांगायला विसरले.

त्याने छन्नी-हातोड्याने भिंतीत झिरी मारली, पाऊण इंची पाइप टाकला आणि एसीच्या वायरीबरोबर त्याच पाइपातून नेटची वायरही ओढली. हे मला फार उशिरा कळलं. २३० व्होल्टच्या तारेशेजारी नेटची वायर एकाच पाइपात घालायची नसते. एक तर तिचं कातडं तेवढा दाब सोसायला बनवलेलं नसतं आणि दुसरं म्हणजे एसी सुरू झाला की खरखर. दोघी शेजारून न्यायच्याच तर वीतभर अंतर ठेवावं आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडावी. स्वयंपाकघराच्या दारावर पाइप कमी पडला, तिथं त्याने वायर तशीच गिलाव्यात गाडली. एका वायरीतल्या चार तारा बेडरूमला आणि उरलेल्या चार हॉलला दिल्या. शंभर एमबीपीएसपर्यंत चार तारांवर भागतं, त्यामुळे तेव्हा काही बिघडलं नाही. पुढे हजारची भाषा सुरू झाली, तिला आठही तारा लागतात. वायरही तांब्याची नव्हती. ब्लेडने खरवडली तर आत पांढरं, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम.

दोन वर्षं घर चित्रासारखं दिसलं. मग गणपतीच्या तसबिरीसाठी मी स्वयंपाकघराच्या दारावर खिळा ठोकला आणि बेडरूममधलं इंटरनेट गेलं. वायर ओढून काढता येईना, कारण ती गिलाव्यात. कुठून गेली हेही कुणाला आठवेना. गिलावा करण्याआधी उघड्या झिरीचा, शेजारी टेप धरून, एक फोटो काढून ठेवला असता तरी भागलं असतं.

चौथं भोक २०१७ चं, फायबरचं. आता मी “आंटी” झाले होते. चार माणसांनी जाड वायरी ओढायचे दिवस गेले. एकटा मुलगा खांद्यावर पांढऱ्या बारीक दोऱ्याचं बंडल टाकून आला. आतली काच १२५ मायक्रॉन, केसाच्या जाडीची. तिच्यातून प्रकाश आपटत-आपटत पुढे जातो आणि वळण फार तीव्र झालं तर तिथूनच निसटतो. मुलगा बजावून गेला होता, पण मला ती चौकटीच्या कोपऱ्यात गोल आलेली बघवेना. मी क्लिप मारून तिला नीट काटकोनात बसवलं. पाच मिनिटांत, फायबर जिथं जोडली होती त्या डब्यावर लाल दिवा. क्लिप काढली तर हिरवा. इथं गिरगावच्या वायरमनची शिस्त उपयोगाची नाही. काचेला गोलाईच द्यावी लागते. शिवाय त्या डब्याला प्लग लागतो आणि दारावर प्लग ठेवायचं १९९३ सालीही कुणाला सुचलं नव्हतं, २००९ सालीही नाही. म्हणून एक्स्टेंशन बोर्ड, म्हणजे पुन्हा लोंबणारी वायर.

पाचवं भोक लॉकडाउनमधलं. मुलगा घरून काम करत होता, नातीची शाळा मोबाइलवर. एक जोडणी बंद पडली तर दुसरी हवी म्हणून आणखी एक फायबर.

खारघर-उलव्याकडच्या नव्या टॉवरांत राहणाऱ्या मैत्रिणी मला हसतात, “अजून वायर?” पण त्यांची अडचण वेगळीच आहे. तिकडच्या बऱ्याच इमारतींच्या भिंती मायव्हानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट. सिडकोनेही २०२२ साली बामणडोंगरीला कारखान्यात ओतलेले भाग जोडून ९६ दिवसांत ९६ घरं उभी केली. अशा भिंतींत वायफाय दोन खोल्यांपलीकडे दमतं आणि झिरी मारायला जावं तर ती इमारतीचा भार पेलणारी भिंत. पाइप ओततानाच टाकलेला असला तर असला. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून गुण देण्याचा नियम आणला. त्यातून बिल्डर एक पाइप जास्त टाकायला लागले, तरी पुष्कळ झालं.

माझा भाचा महापेच्या एका डेटा सेंटरात आहे. महापे, रबाळे, ऐरोली, पलीकडे पनवेल, हा आता डेटा सेंटरांचाच पट्टा झालाय. तो सांगतो, की तिथं हजारो वायरी असतात, पण एकही भिंतीत नाही. सगळ्या डोक्यावरच्या उघड्या ट्रेमधून जातात, मऊ वेल्क्रोने बांधलेल्या, आणि दोन्ही टोकांना चिठ्ठी. प्लास्टिकची टाय करकचून आवळली, की आतला पीळ चेपतो, म्हणून ती चालत नाही.

दसऱ्याच्या त्या रंगकामाआधी मी त्यालाच बोलावलं. त्याने एसीच्या पाइपातली नेटची वायर बाहेर काढली. खोल्यांच्या कडेने छताला लागून एक इंची पट्टी बसवली, झाकण कधीही उघडावं अशी. डिंकावर नाही, स्क्रूवर. आत खऱ्या तांब्याची कॅट-सिक्स, आठही तारा जोडलेल्या, आणि दोन्ही टोकांना माझ्या अक्षरात ‘हॉल’, ‘बेडरूम’. शेवटी त्याने तिच्याबरोबर एक नायलॉनची दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडून ठेवली. “मामी, पुढे जे काही येईल ना, ते हिला बांधून ओढायचं. ओढताना मागे नवी दोरी बांधायला विसरायचं नाही.” पट्टी दिसते. मी ओळंबा धरून उभी होते, त्यामुळे सरळ आहे.

पेंटर परत आला तेव्हा त्याला सांगितलं, की टेलिफोनचं, केबलचं आणि केबलवाल्याच्या नेटचं, अशी तीन भोकं बुजव. दोन फायबरची राहू देत. त्याने तीन भरली, पॉलिश पेपर मारला आणि पहिल्या भोकावर बोट ठेवून विचारलं, “आजी, यातून एक काळी तार अजून डोकावतेय. कापू?”

ती तार भिंतीशी रंगाने इतकी चिकटली होती, की मला गेली कित्येक वर्षं दिसलीच नव्हती. टोकाशी तांबं हिरवं पडलेलं. मी म्हटलं, काप, पण तुकडा मला दे.