प्रवासी कोणास म्हणावे? : धर्मादाय शिडाची जहाजे आणि प्रवासीमर्यादेतील सूट

राधानगरी तालुक्यात लक्ष्मी तलाव, तुळशी आणि काळम्मावाडी असे मोठे जलाशय आहेत. पाणी आले की नाव आली, आणि नाव आली की ‘आणखी चौघांना घ्या’ हा आग्रहही आला. आग्रह करणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. कधी शाळेची सहल असते, कधी सेवाभावी संस्थेचे शिबिर. हेतू चांगला असेल तर संख्येची मर्यादा शिथिल करावी काय, हा प्रश्न समुद्रावर धर्मादाय संस्थांच्या शिडाच्या जहाजांबाबत पूर्वीच उपस्थित झाला आहे. त्याची जी उत्तरे दिली गेली, ती गोड्या पाण्यावरही उपयोगी पडावीत.

सागरी जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते. भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यानेही हाच आकडा स्वीकारला होता. तेरावा प्रवासी चढला की जीवरक्षक नौका, अग्निप्रतिबंध, जहाजाची अंतर्गत विभागणी, तपासणी या सर्वांचे निकष एकदम कडक होतात. मात्र जहाजाच्या कामावर असलेली माणसे आणि एक वर्षाखालील मूल यांची गणना प्रवाशांत होत नाही. खरी मेख येथेच आहे.

ब्रिटनमध्ये १९७८ साली स्थापन झालेल्या ज्युबिली सेलिंग ट्रस्ट या धर्मादाय संस्थेचे ‘लॉर्ड नेल्सन’ हे जहाज १९८६ मध्ये प्रथम सफरीवर निघाले. दिव्यांग आणि धडधाकट माणसे त्यावर बरोबरीने काम करीत. दोर ओढणे, सुकाणू धरणे, रात्रीचा पहारा करणे यांतून चाकाच्या खुर्चीवरील माणूसही सुटत नसे. (२०२३ च्या अखेरीस ही संस्था आर्थिक अडचणीमुळे बंद पडली.) ही माणसे सफरीचे पैसे भरीत, म्हणून त्यांना प्रवासी म्हणावे, की काम करीत म्हणून खलाशी? प्रवासी म्हटले तर बाराच्या वर कोणी चढू शकत नाही आणि संस्थेचे कार्यच खुंटते. खलाशी म्हणावे, तर त्यांतील अनेकांनी पूर्वी समुद्र पाहिलेलाही नसतो.

अमेरिकेने १९८२ साली कायदा करून यातून वाट काढली. शिडाच्या शाळा-जहाजावरील विद्यार्थी व शिक्षक हे प्रवासी नव्हेत, असे त्याने ठरविले. परंतु त्यासाठी जहाज मुख्यतः शिडावर चालणारे आणि ५०० टनांहून लहान असले पाहिजे, तसेच ते चालविणारी संस्था नफा न कमावणारी, शैक्षणिक असली पाहिजे. आपल्या १९५८ च्या कायद्यातही कलम ४५६ अन्वये केंद्र सरकारला सूट देता येत असे. तीही लेखी आदेशाने आणि अटी घालून. एक बंधन काढावयाचे तर त्याच्या जागी दुसरे घालावयाचे, अशी ही पद्धत आहे.

ती का, हे ‘मार्क्स’ या ब्रिटिश शिडाच्या जहाजाच्या अपघातावरून कळते. ३ जून १९८४ रोजी बर्म्युडाहून हॅलिफॅक्सकडे शर्यतीत जात असता ते वादळी वाऱ्याच्या एका झोतासरशी कलंडले आणि पाहता पाहता बुडाले. जहाजावरील २८ जणांपैकी १९ दगावले. त्यांत शिकाऊ तरुण होते. या जहाजाला भाररेषेच्या नियमांतून सूट देण्यात आली होती.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. सहलीची मुले दोर ओढीत नाहीत की वल्ही मारीत नाहीत; ती निव्वळ बसतात. शिडाच्या शाळा-जहाजाचा युक्तिवाद त्यांना मुळीच लागू पडत नाही.

यंत्राविना चालणाऱ्या नावांच्या नोंदणीचे काम जिल्हा, तालुका व ग्राम पातळीवरील स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविता येईल, अशी तरतूद २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात आहे. त्यामुळे एखाद्या संस्थेचा ‘आमचे काम धर्मादाय आहे, संख्येची अट नको’ असा अर्ज उद्या सरपंचांपुढे येऊ शकेल. त्या वेळी संस्थेच्या कार्याचा अहवाल बाजूला ठेवून प्रथम पाण्याच्या काठावर जावे, नावेत किती जाकिटे आहेत ती मोजावीत, आणि ती लहान मुलांच्या मापाची आहेत काय, हेही पाहावे.