मोतीचंही तिकीट काढू द्या!

समजा, दिवाळीची सुट्टी लागलीय. पुण्याहून नागपूरला घरी जायचंय आणि सोबत तुमचा मोती आहे. तिकीट कुठलं काढाल? स्लीपर? नाही चालत. थ्री टायर एसी? तिथंही नाही. रेल्वेच्या नियमानुसार वाढलेला कुत्रा तुमच्याजवळ बसू शकतो तो फक्त फर्स्ट क्लासमध्ये. तेसुद्धा दोन बर्थचं कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी तुमच्या नावावर असेल तर. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. म्हणजे ज्याचा खिसा गरम, त्याचाच कुत्रा शहाणा!

बाहेर काय चालतं? जर्मनीच्या रेल्वेत पिंजऱ्यातला छोटा कुत्रा फुकट जातो. मोठ्याचं तिकीट काढायचं, पट्टा आणि तोंडाला जाळी बांधायची. लंडनच्या ट्यूबमध्ये कुत्रा चालतो, पण सरकत्या जिन्यावर त्याला उचलून घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियात 2015 पासून रेस्टॉरंटच्या बाहेरच्या टेबलांपाशी कुत्र्याला बसू देता येतं, अर्थात मालकाची मर्जी असेल तर. आपल्याकडेही अकासा एअरने 2022 मध्ये छोट्या प्राण्यांना केबिनमध्ये घ्यायला सुरुवात केली. म्हणजे मुद्दा 'हो की नाही' एवढाच नाही, 'कोणत्या अटीवर' हा आहे.

आता दुसरी बाजू. शेजारच्या सीटवरच्या मुलीला लहानपणी कुत्रा चावला असेल, तर तुमचं 'अगं, तो काही करत नाही' तिच्या काय कामाचं? कुणाला ॲलर्जी असते. रेबीज आपल्याकडे अजून आहे, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही. सकाळच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये तर कुत्र्याचेच हाल. तिथे नकोच.

म्हणून मागायचंच तर नीट मागूया. प्रत्येक गाडीत एक ठरलेला डबा, लसीकरणाचं कार्ड, पट्टा, जाळी आणि मोतीचं वेगळं तिकीट. कॅफेत फक्त बाहेरची टेबलं. कुत्रा खुर्चीवर नाही, टेबलाखाली.

त्याआधी आपला होमवर्क. तुमचा कुत्रा तासभर गप्प बसतो का? वेटर प्लेट घेऊन गेला तर उठतो का? 'बस' म्हटल्यावर खरंच बसतो का? नसेल, तर आधी ट्रेनिंग, मग कॅफे. आणि जायच्या आधी एक फोन करून विचारा. एका कुत्र्याने केलेला राडा पुढच्या दहा जणांचं दार बंद करतो. नीट वागलेला एक कुत्रा मात्र काउंटरवरच्या माणसाचं मत बदलू शकतो.