साच्याची निगा

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ज्या तगर नगरीचा उल्लेख येतो ती नगरी म्हणजे हेच तेर होय, असे विद्वान मानतात. येथील उत्खननात केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या अनेक लहान मूर्ती सापडल्या. त्यांपैकी कित्येक दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. मूर्तीचा पुढचा भाग एका साच्यात दाबावयाचा, मागचा दुसऱ्या साच्यात, आणि मग दोन्ही भाग जोडून भाजावयाचे, अशी ती रीत. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात हा ठेवा आजही पाहावयास मिळतो.

साच्याचा गुण आणि साच्याचा दोष हे दोन्ही एकाच ठिकाणी असतात. कारागिराने एकदाच जीव ओतून साचा कोरला की, त्यातून शंभर मूर्ती सहज निघतात. परंतु साच्यातील नाक तिरपे असेल तर त्या शंभरही मूर्तींची नाके तिरपी निघावयाची! आज ज्या विषयासंबंधी मी बोलणार आहे तो वरवर पाहता तेरच्या मातीपासून फार दूरचा वाटेल. मोठमोठ्या संगणक-केंद्रांत, ज्यांना आपण डेटा सेंटर म्हणतो तेथे, नवी यंत्रे साच्यातून कशी काढतात आणि त्या साच्यांची निगा कशी राखावी लागते, हा तो विषय होय. श्रोतेहो, पाच मिनिटांत आपल्या ध्यानात येईल की कारागिरी निराळी असली तरी धर्म एकच आहे.

प्रथम आभासी यंत्र म्हणजे काय ते पाहू. पूर्वीच्या मोठ्या वाड्यांत आठदहा बिऱ्हाडे राहत. विहीर एक, जोते एक, आढे एक. पण प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळे. एकाच्या घरात काय शिजते ते दुसऱ्यास ठाऊक नसे. डेटा सेंटरमधील एक बलाढ्य सर्व्हर हा असाच वाडा असतो. ‘हायपरव्हायजर’ नावाची प्रणाली त्या वाड्याची कारभारीण. ती एकाच यंत्राची स्मृती, गणनशक्ती आणि साठवण यांची वाटणी करते आणि आत दहावीस स्वतंत्र संगणक नांदत आहेत असा व्यवहार चालविते. यांतील प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे एक आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन. ही कल्पना आजकालची नव्हे. आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी अमेरिकेतील केंब्रिज येथे १९६०च्या दशकात ती प्रत्यक्षात आणली आणि १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ या नावाने ती ग्राहकांपुढे ठेवली. पुढे १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या, स्वस्त यंत्रांवर आणली आणि तेथून तिचा सर्वत्र प्रसार झाला. आपल्या देशात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, मोठी डेटा सेंटरे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. या संस्थेने २०१४ साली ‘मेघराज’ नावाने सरकारी क्लाउड सुरू केला. सरकारी कचेऱ्यांस हवे तेव्हा आभासी यंत्र मिळावे, हा त्यामागील हेतू.

आता अशी यंत्रे दर आठवड्यास दहावीस लागू लागली तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून मांडणी करीत बसणे परवडत नाही. म्हणून एक यंत्र अत्यंत काळजीने सिद्ध करतात. त्यात कार्यप्रणाली बसवितात, नको असलेली दारे बंद करतात, सर्व दुरुस्त्या चढवितात आणि मग ते यंत्र गोठवून ठेवतात. हाच साचा, किंवा प्रचारातील शब्द वापरावयाचा तर टेम्प्लेट. त्यातून नवे यंत्र काही मिनिटांत निघते. येथवर सारे सुखाचे आहे. निगेचा प्रश्न याच्या पुढे उद्भवतो.

पहिली निगा ओळख पुसण्याची. प्रत्येक संगणकापाशी स्वतःच्या काही खुणा असतात: त्याचे नाव, त्याचा अंतर्गत क्रमांक, इतर यंत्रांशी गुप्तपणे बोलण्याच्या किल्ल्या. त्या साच्यातच राहून गेल्या तर त्यातून निघालेली सर्व यंत्रे एकमेकांची तोतये होतात. एका घराच्या किल्लीने वाड्यातील प्रत्येक घर उघडावे, तशी ती अवस्था. यास्तव साचा गोठविण्यापूर्वी या साऱ्या खुणा पुसून टाकतात, आणि नवे यंत्र प्रथम जागे होईल तेव्हा त्याने आपल्या खुणा स्वतः निर्माण कराव्यात अशी योजना करतात. विंडोजसाठी ‘सिसप्रेप’ आणि लिनक्ससाठी ‘क्लाउड-इनिट’ ही साधने याच कामाची आहेत. परवलीचा शब्द तर साच्यात कदापि ठेवू नये.

नाव साच्यात कोरून ठेवल्याने काय होते, याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्यानेच पुरविले आहे. २०२३च्या फेब्रुवारीत उस्मानाबाद शहराचे नाव धाराशिव करण्यास केंद्र सरकारची संमती मिळाली. सप्टेंबरात जिल्हा आणि तालुका यांच्या नामांतराचीही अधिसूचना निघाली. रेल्वे स्थानकाचे नाव मात्र २०२५ साली बदलले. ज्या अर्जांच्या, दाखल्यांच्या आणि शिक्क्यांच्या नमुन्यांत जुने नाव आत कोरलेले होते ते सर्व शोधून एकेक बदलावे लागणार, हे उघड आहे. उलट वाहनांच्या पाटीवरील ‘एमएच २५’ ही खूण पाहा. तिच्यात गावाचे नावच नव्हते, म्हणून तिला धक्काही लागला नाही. साचा करणाराने यापासून धडा घ्यावयाचा तो हा की, जे बदलण्याचा संभव आहे ते साच्याच्या बाहेर ठेवावे आणि यंत्राच्या जन्मकाळी त्यास कानात सांगावे.

दुसरी निगा वार्धक्याची. आपण म्हणाल, गोठवून ठेवलेली वस्तू म्हातारी कशी होईल? पण फडताळातील जुने पंचांग एका अक्षरानेही बदललेले नसते, तरी ते निरुपयोगी ठरतेच. जग पुढे गेलेले असते. संगणकाच्या प्रणालीत नवनवे दोष उघडकीस येतात आणि त्यांवर दुरुस्त्या निघतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तर २००३ सालापासून दर महिन्याचा दुसरा मंगळवार यासाठी नेमून ठेवला आहे. तुळजापुरास देवीच्या दर्शनाला मंगळवारी गर्दी होते. संगणक सांभाळणारांनाही त्या दिवशी उसंत नसते.

या दुरुस्त्यांची किंमत किती, हे २०१७ साली जगाने पाहिले. १४ मार्च रोजी विंडोजमधील एका दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, त्याच दोषाचा फायदा घेऊन ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू पसरला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. आता कल्पना करा की एखाद्या केंद्राने चालू यंत्रे मार्चमध्येच दुरुस्त केली, पण साचा फेब्रुवारीचाच ठेवला. अशा साच्यातून मे महिन्यात काढलेले यंत्र जन्मतःच रोगी निघणार! आणि शेजारच्या बिऱ्हाडांत तो रोग शिरण्याचा धोका वेगळाच.

येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. साचा सुधारल्याने पूर्वी काढलेल्या मूर्ती सुधारत नाहीत, आणि मूर्तींची डागडुजी केल्याने साचा सुधारत नाही. ही दोन ऋणे निरनिराळी आहेत आणि दोन्ही फेडावी लागतात. चालू यंत्रांचे ऋण फेडण्याचे मार्ग दोन. एक, प्रत्येक यंत्रावर आपोआप दुरुस्ती चढविणारी व्यवस्था ठेवावी. दुसरा, जुने यंत्र मोडीत काढून नव्या साच्यातील यंत्र त्याच्या जागी उभे करावे. दुसरा मार्ग अधिक स्वच्छ खरा. परंतु त्यासाठी यंत्रातील टिकाऊ माहिती अगोदरच वेगळ्या कोठारात ठेवलेली असली पाहिजे. मडके फुटले तरी पाणी सांडू नये, अशी सोय आधी करावी आणि मगच मडकी बदलावीत.

साच्याचे ऋण फेडण्याची रीत अशी. महिन्यातून एकदा साचा जागा करावा, दुरुस्त्या चढवाव्यात, खुणा पुसाव्यात, परीक्षा घ्यावी आणि दिनांक व क्रमांक घालून पुन्हा मोहोरबंद करावा. मागील साचा तात्काळ टाकू नये. नव्यात दोष निघाला तर परतावयास वाट हवी. मात्र चारसहा जुने साचे साचू दिले तर घाईच्या वेळी कोणीतरी नेमका चुकीचा उचलतो. म्हणून प्रत्येकास निवृत्तीचा दिवस ठरवून द्यावा.

याहूनही चांगली रीत म्हणजे पाककृती लिहून ठेवण्याची. साच्यावर वर्षानुवर्षे हाताने ठिगळे लावीत गेले की कोणी, केव्हा, कशासाठी काय घातले याचा पत्ता लागत नाही, आणि ते जाणणारा एकटा गृहस्थ बदलून गेला की सारे केंद्र अंधारात! त्याऐवजी प्रत्येक पायरी क्रमाने लिहून ठेवावी आणि दर महिन्यास त्या लेखावरून यंत्राकरवी नवा साचा घडवून घ्यावा. २०१३ साली निघालेले ‘पॅकर’ हे साधन हेच करते. मग साचा नष्ट झाला तरी विद्या नष्ट होत नाही. तेरच्या मूर्ती आपणास मिळाल्या. घडविणारांचे पाठ मिळाले नाहीत. ती चूक आपण पुन्हा का करावी?

आपल्याकडील नियमांचाही या कामाशी संबंध येतो. सीईआरटी-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशांनुसार संगणकांची घड्याळे एनआयसी अथवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालमानाशी जुळविलेली असावीत, नोंदी १८० दिवस जपाव्यात, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी. घड्याळ आणि नोंदवही यांची व्यवस्था साच्यातच करून ठेवली तर प्रत्येक नवे यंत्र जन्मापासून नियमात राहते. साच्याचा गुण येथे आपल्या बाजूस येतो.

तिसरी निगा परीक्षेची. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीची एक सदोष सुधारणा एकदम सर्वत्र पोहोचली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. ही गोष्ट साच्यांतील दोषाची नव्हती; परंतु तिच्यातील बोध साच्यांस तंतोतंत लागू पडतो. दुरुस्तीही घातक ठरू शकते. म्हणून नव्या साच्यातून आधी एक यंत्र काढावे, ते बिनमहत्त्वाच्या कामास लावावे, मग चार, मग चाळीस. घाई ही आळसाइतकीच महाग पडते.

आता कोणी विचारील, या उठाठेवीशी सामान्य माणसाचा काय संबंध? महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पीककर्जासाठी, वारसनोंदीसाठी भूम-परंड्याचा शेतकरी जो उतारा मागतो तो आज कागदाच्या दप्तरातून न येता दूरच्या कोणत्यातरी सर्व्हरवरून येतो. ते यंत्र पेरणीच्या तोंडावर बंद पडले तर त्याचा हंगाम थांबत नाही; पाऊस सर्व्हरची वाट पाहत नाही. डेटा सेंटरमधील साचा ताजा ठेवणारा तंत्रज्ञ आणि बांधावर उभा असलेला तो शेतकरी यांची कधी भेट होणार नाही, तरी एकाच्या दक्षतेवर दुसऱ्याचे काम अवलंबून आहे.

तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या मेळाव्यात मुक्ताबाईने गोरोबांस विनविले की, येथील मडकी कच्ची कोणती आणि पक्की कोणती ते पारखा. आणि काकांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या मस्तकावर थाप मारली, अशी कथा सर्वांस ठाऊक आहे. थाप सोसवेना ते नामदेव कच्चे ठरले. पुढे विसोबा खेचरांस गुरू करून ते पक्के झाले, हाही कथेचाच भाग आहे. कच्चे ठरण्यात लाज नाही, पारखून न घेण्यात धोका आहे. आमच्या यंत्रशाळांतील प्रत्येक साच्यावर महिन्यातून एकदा तरी असे थापटणे पडावे आणि जो कच्चा ठरेल तो पुन्हा आव्यात जावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.