वखारीतल्या फळीचं धनुष्य

अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत लाकडाचा एक विभाग असतो. रंधून गुळगुळीत केलेल्या रेड ओक, पाइन, पॉप्लरच्या फळ्या तिथे रांगेत उभ्या असतात. शेल्फ, खिडकीची चौकट, जिन्याचा कठडा अशा कामांसाठी लोक त्या नेतात. गेली तीसेक वर्षं तिथे एक वेगळं गिऱ्हाईकही येतं. ते अख्खी चळत उपसतं, एकेक फळी डोळ्यांसमोर आडवी धरून तिच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत निरखतं, पुन्हा जागेवर ठेवतं, आणि तासाभराने एखादीच फळी घेऊन निघतं. बरेचदा रिकाम्या हातानेही. त्याला त्या फळीतून धनुष्य काढायचं असतं.

तिकडे या प्रकाराला ‘बोर्ड बो’ म्हणतात. झाड तोडायचं नाही, ओंडका फोडायचा नाही, दोन-तीन वर्षं लाकूड सुकत ठेवायचं नाही. भट्टीत सुकवून कापलेली तयार फळी आणायची आणि रंधा, कानस, खरवडणी एवढ्यावर काम भागवायचं. ऐकायला ही तडजोड वाटते. माझ्या मते मात्र धनुष्य म्हणजे नेमकं काय, हे उमगायला यापेक्षा चांगली वाट नाही. दुबळं लाकूड हातात असलं की आकाराशिवाय कशाचाच आधार उरत नाही.

चांगल्या धनुष्याला चांगलंच लाकूड हवं, हा समज फार जुना आहे. इंग्लंडने तो यू या सूचिपर्णी झाडाच्या लाकडापायी जोपासला. 1472 मध्ये तिथे कायदाच झाला, की इंग्लिश बंदरात माल आणणाऱ्या जहाजांनी दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. रॉजर अ‍ॅस्कमने 1545 मध्ये ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरचा ग्रंथ लिहिला, त्यात एल्म आणि अ‍ॅश ही लाकडं धनुष्याला कमअस्सल ठरवली. आठव्या हेन्रीच्या 1541 च्या कायद्यात तर सतरा वर्षांखालच्या मुलाने, घरची ऐपत असल्याखेरीज, यूचं धनुष्य वापरायचं नाही असं कलम होतं. कारागिरांनी यूबरोबर एल्म-अ‍ॅशची धनुष्यंही बनवलीच पाहिजेत, असंही त्यात होतं. म्हणजे पोरांनी आणि गरिबांनी साध्या लाकडावर शिकायचं, हे सरकारनेच ठरवून दिलं होतं.

पण इतिहास आणखी मागे नेला की ही उतरंड टिकत नाही. डेन्मार्कच्या झीलंड बेटावर होल्मेगार्ड नावाच्या दलदलीत 1944 मध्ये सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्यं सापडली. जगातल्या सर्वांत जुन्या धनुष्यांमध्ये त्यांची गणना होते, आणि ती एल्मची आहेत, अ‍ॅस्कमने नाकारलेल्या त्याच लाकडाची. इंग्लिश धनुष्य अरुंद आणि जाड असतं, त्याचा छेद ‘डी’ या इंग्रजी अक्षरासारखा गोलसर असतो. होल्मेगार्डच्या धनुष्याची पाती रुंद आणि चपटी आहेत, मधली मूठ तेवढी अरुंद. ज्याने ते घडवलं त्याला आपलं लाकूड पुरतं ठाऊक होतं.

यामागचं गणित सरळ आहे. पात्याची रुंदी दुप्पट केली तर ते वाकवायला दुप्पट ताकद लागते. जाडी दुप्पट केली तर ती आठपट लागते. पण लाकूड तुटतं ते पाठीवरचा ताण आणि पोटावरचा दाब सोसेनासा झाला म्हणून. लक्ष्याकडची बाजू ती पाठ, नेमबाजाकडची ती पोट. ठरावीक वाकासाठी हा ताण आणि दाब जाडीवर ठरतो, रुंदीशी त्याचा संबंध नाही. म्हणून लाकूड हलकं असेल तर ते पातळ ठेवायचं आणि रुंदी वाढवायची. लांबीही वाढवायची, म्हणजे वाक सौम्य होतो. ओसेज ऑरेंजसारखं लाकूड घनमीटरला साडेआठशे किलोंच्या आसपास भरतं, रेड ओक सातशेच्या, पांढरा पाइन चारशेच्या. पाइनचं पातं ओसेजच्या दीड-दोनपट रुंद लागतं, पण वजनाला त्याच्याहून जड होत नाही, आणि बाणाला वेग द्यायचा तर पात्याचं हे हलकेपणच कामी येतं.

विसाव्या शतकात हे कागदावर मांडलं ते भौतिकशास्त्रज्ञांनी. क्लॅरेन्स हिकमन बेल प्रयोगशाळेत काम करत होता आणि त्याला धनुर्विद्येचा नाद होता. त्याने आणि पॉल क्लॉप्स्टेगने 1930 च्या दशकात मोजमापं घेऊन दाखवलं, की इंग्लिश धनुष्याच्या गोलसर छेदापेक्षा चपटा आयताकृती छेद लाकडाकडून जास्त काम करवून घेतो. शतकानुशतकं पूजल्या गेलेल्या आकारावर हा थेट घाव होता. पुढे 1992 मध्ये ‘ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’चा पहिला खंड आला. त्यात टिम बेकरने हाच धागा पार टोकाला नेला: मापं लाकडाच्या जातीला जुळवून घेतली तर बहुतेक सगळी लाकडं जवळपास सारखंच धनुष्य देतात. दुकानातल्या फळ्यांची चळत उपसणारी माणसं या पुस्तकाची वाचक आहेत.

आता एक फळी घेऊ. अमेरिकेत ‘एक बाय तीन’ म्हणून विकली जाणारी पाइनची फळी प्रत्यक्षात पाऊण बाय अडीच इंच भरते. सहा फूट लांबीची घ्यायची. गाठ कुठेही नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेषा फळीच्या कडेतून तिरप्या बाहेर पडायला नकोत. तंतू जिथे कडेवर तुटतो तिथेच पुढे भेग सुरू होते. आपल्याकडे न्यूझीलंडहून येणारं पाइन वखारीत मिळतं, पॅकिंगच्या पेट्यांचंही मिळतं. पेटीच्या लाकडात चांगली फळी क्वचित सापडते, पण सापडते. प्लायवूडच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्याचे निम्मे थर आडव्या तंतूंचे असतात आणि वाकवताना ते काहीच पेलत नाहीत.

मध्यावर पोटाच्या बाजूने आठ इंचांचा ठोकळा डिंकाने बसवून मूठ करतात. मुठीपाशी पूर्ण अडीच इंच रुंदी ठेवून तिथून टोकापर्यंत सरळ निमुळतं करत जायचं, टोकाला अर्धा इंच. जाडी सगळीकडे सारखीच. याला ‘पिरॅमिड’ म्हणतात, आणि यातली युक्ती अशी की टोकाकडे भार जसा कमी होतो तशीच रुंदीही कमी होते, त्यामुळे पातं सगळीकडे सारखं, वर्तुळाच्या चापासारखं वाकतं. ट्रकच्या कमानपाट्यांची पानं मध्याकडे वाढत जातात, तोच हा हिशेब. शिकाऊ माणसासाठी हा फार दयाळू आराखडा आहे, कारण चूक झाली तर ती वाकातच चटकन दिसते. फळी साधारण तेरा-चौदा मिलिमीटर जाडीला उतरवून सुरुवात करायची. वीस-बावीस पौंड ओढीचं, म्हणजे नऊ-दहा किलोचं, धनुष्य तयार होईल तेव्हा जाडी एक सेंटिमीटरच्या थोडी खाली आलेली असेल.

तेरा मिलिमीटरपासून त्या मापापर्यंतच्या प्रवासाला ‘टिलरिंग’ म्हणतात. खरा कस इथे लागतो. भिंतीवरच्या लाकडी आधारावर मूठ टेकवायची, दोरीला हूक अडकवून तो कप्पीवरून खाली घ्यायचा, मध्ये स्प्रिंगचा काटा लावायचा आणि समोर लांब उभं राहून ओढायचं. हातात धरून ओढलं तर वाक दिसत नाही. सुरुवातीला दोरी लांब आणि सैल. दोन इंच ओढून पाहायचं: कुठे ताठ आहे, कुठे जास्त वाकतंय? ताठ जागेवर पेन्सिलने खूण करून पोटाच्या बाजूने खरवडायचं. पाठीला हात लावायचा नाही. तिथल्या अखंड तंतूंवर सगळा ताण असतो. खरवडल्यावर तीस-चाळीस वेळा हलकेच ओढून सोडायचं, कारण लाकूड उशिरा उत्तर देतं आणि घाई करणाऱ्याला ते कळत नाही. एखादी जागा बिजागरीसारखी मुडपत असेल तर ती तशीच ठेवून बाकी सगळीकडून लाकूड काढायचं. आणि एक पथ्य कधीही मोडायचं नाही: शेवटी जितके पौंड हवेत त्याच्या पलीकडे काटा जाऊ द्यायचा नाही, मग ओढ अजून दहाच इंच झालेली का असेना.

पाइन मऊ आहे, त्यामुळे दाबाखाली त्याचं पोट आधी हार मानतं. आडव्या बारीक सुरकुत्या पडतात. त्या दिसल्या की ते धनुष्य नेमबाजीला वापरायचं नाही. पाठीवर सुती किंवा तागाचं कापड डिंकाने चिकटवणं चांगलं. ते फार बळ देत नाही, पण उठणारी कपची दाबून धरतं. इथे अनेकांना बांबूची पट्टी लावायचा मोह होतो. ताण सोसण्यात बांबू इतका जबरदस्त आहे की पाइनचं पोट त्याच्यापुढे चिरडून जातं. बांबूला बांबूच साजतो. सातपुड्यातला भिलांचा तिरकामठा बांबूचा असतो, आणि त्याची दोरीही बांबूच्या सालीची. सह्याद्रीतल्या धामणीचं चिवट लाकूडही पूर्वापार धनुष्यांसाठी वापरलं गेलं आहे. धामणीचा सरळ, सुकलेला दांडा मिळत असेल तर पाइनच्या मागे लागायचं कारण नाही. शहरात तो मिळत नाही, फळी मिळते.

भारतात धनुर्विद्येच्या राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा गट याच साध्या धनुष्यांचा आहे. तीस आणि पन्नास मीटरवर नेम धरायचा असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली रिकर्व्ह आणि कंपाउंड धनुष्यं लाखांच्या घरात जातात. गावच्या शाळेतल्या मुलीला पहिली दोन वर्षं खांदा, बोटं आणि श्वास घडवायचा असतो, त्यासाठी त्या किमतीची काही गरज नाही. क्रीडाशिक्षक आणि गावातला सुतार मिळून आठवडाभरात असं धनुष्य उभं करू शकतात, आणि ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषतं, मग ओढ उतरते आणि धनुष्याला कायमचा बाक येतो. म्हणून काम हिवाळ्या-उन्हाळ्यात करावं आणि पावसात धनुष्य घरात, दोरी उतरवून, आडवं ठेवावं. कडा गोल घासून सगळीकडून तेल किंवा वॉर्निश द्यावं. टिलरिंग करताना डोळ्यांवर चष्मा हवा. बाण न लावता दोरी ओढून सोडली तर सगळी शक्ती पात्यांतच राहते आणि ती तुटू शकतात, हे हातात धनुष्य देण्याआधी प्रत्येक मुलाला सांगावं. बाणही फार हलका नको. ओढीच्या दर पौंडाला दहा ग्रेन हा जुना अंदाज धरला, तर बावीस पौंडांच्या धनुष्याला निदान चौदा-पंधरा ग्रॅमचा बाण लागतो. बारीक, सरळ बांबूच्या काडीला तीन पिसं आणि पुढे छोटं टोक लावलं की तेवढं वजन सहज भरतं.