यदृच्छ रेडिओ संदेशांचे सदृशीकरण
प्रेषकापासून ग्राहीपर्यंत येताना रेडिओ संदेशाच्या तीव्रतेत होणाऱ्या अनियमित चढउतारांचे संभाव्यतेच्या भाषेत केलेले वर्णन म्हणजे यदृच्छ प्रतिमान आणि त्यानुसार संगणकावर कृत्रिम संदेश निर्माण करून संदेशवहन प्रणालीची परीक्षा घेण्याची पद्धती म्हणजे सदृशीकरण होय.

उदा., मुंबई–नासिक महामार्गावरील कसारा घाटातून जाणाऱ्या मोटारीतील दूरध्वनीकडे मनोऱ्यापासून निघालेले तरंग वळणावळणांवर अनेकदा थेट पोहोचत नाहीत. डोंगरउतार, कडे व वाहने यांवरून परावर्तित झालेले अनेक तरंग भिन्न मार्गांनी येतात. त्यांच्या कला जुळल्यास संदेश प्रबल होतो, विरुद्ध असल्यास जवळजवळ नाहीसा होतो. ९०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेला तरंगलांबी सु. ३३ सेंमी. असल्याने मोटार वीतभर सरकताच ही स्थिती पालटू शकते. ताशी ७२ किमी. वेगाला डॉप्लर परिणामामुळे कंप्रतेत जास्तीत जास्त ६० हर्ट्‌झ फरक पडतो. प्रत्येक खडकाचा हिशेब ठेवणे अशक्य असले, तरी अनेक स्वतंत्र तरंगांच्या बेरजेचे सांख्यिकीय वर्तन निश्चित करता येते.

थेट तरंग नसल्यास परमप्रसराला (तरंगाच्या कमाल विस्थापनाला) रॅली वितरण लागू पडते. प्रबल थेट तरंग असल्यास एस्. ओ. राइस यांचे वितरण वापरतात. डोंगराच्या आडोशाने सरासरी तीव्रतेत होणारा सावकाश बदल निराळा धरतात. फिरत्या ग्राहीसाठी आर्. एच्. क्लार्क यांनी १९६८ मध्ये सांख्यिकीय सिद्धांत मांडला. सदृशीकरणात प्रसामान्य वितरणाच्या दोन स्वतंत्र यदृच्छ संख्यामालिका घेऊन त्या डॉप्लर वर्णपटानुरूप गाळून घेतात. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे रॅली वितरणाचा परमप्रसर होय.

या वितरणानुसार संदेशाची शक्ती सरासरीच्या शंभराव्या भागाखाली जाण्याची संभाव्यता सु. १ टक्का असते. दोन आकाशकांवरील चढउतार परस्पर स्वतंत्र असल्यास दोन्हींवर एकाच वेळी तसे घडण्याची संभाव्यता दहा हजारांत एक उरते. आकाशक फार जवळ असल्यास हा लाभ घटतो.

गृहीते चुकल्यास संगणकाचे उत्तरही चुकते. थेट तरंग नसलेल्या वळणासाठी राइस वितरण घेतल्यास संदेश तुटण्याचे प्रमाण प्रत्यक्षाहून कमी भासते आणि अपघातसमयी मदतीची हाक नेमकी तेथेच खंडित होण्याचा धोका राहतो. म्हणून वितरणाची निवड व त्यातील स्थिरांक त्या मार्गावरील प्रत्यक्ष मोजमापांवरून ठरवावे लागतात.