वेठीची चौकशी : माहिती मिळविण्याच्या पद्धतींची तुलना

श्रमाच्या ठिकाणीं खरोखर काय चालतें याची माहिती कशी काढावी, हा प्रश्न कारखाने व कचेऱ्या यांच्या चालकांस नेहमीं पडतो. पण कागद धुंडाळणारासही तो चुकत नाहीं. काम घेणाराचें लेखन दप्तरांत राहतें, काम करणाराचें बहुधा मुळांत होतच नाहीं. या बाबतींत वेवजी, झरी, तलासरी या पट्ट्याचें उदाहरण मनन करण्याजोगें आहे. हा मुलूख पूर्वीं ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांत मोडे. शेजारच्या डहाणूप्रमाणें येथेंही जमीनदार वारली कुळांकडून वेठ घेत. या एकाच प्रदेशाची विचारपूस निरनिराळ्या हातांनीं झाली असल्यामुळें पद्धतींची तुलना करण्यास चांगली संधि मिळते.

१८८२ सालचें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर अधिकाऱ्यांकडून आलेल्या मजकुरावर रचलेलें आहे. पिकें, जाति, बाजारभाव यांसाठीं तें आजही उघडावें लागतें. परंतु त्यांत वारली दिसतो तो मुख्यतः एक जात म्हणून. मजूर म्हणून त्याचा दिवस कसा जाई, हें त्यावरून उमगत नाहीं.

१९३७ सालीं मुंबई सरकारनें सिमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्यास या लोकांच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमलें. १९३९ सालीं छापलेल्या त्याच्या अहवालांत आडपडदा नाहीं. मालक बोलावील तेव्हां कुळानें कामावर गेलें पाहिजे, नकार दिल्यास मार, आणि मोबदला फार झाला तर दिवसास एक आणा, असें तो लिहितो. लग्नासाठीं कर्ज काढून सावकाराचा बांधील झालेला ‘लग्नगडी’ त्यानें सरकारी कागदावर आणला, ही त्याची मोठी कामगिरी होय. तथापि अशा चौकशीस साक्षीदार कोण आणतो, हें पाहावेंच लागतें. साहेबाचा तळ उठला कीं साक्षीदार पुन्हा मालकाच्याच शेतावर!

के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ चा. विधि, दैवतें, विवाह यांची त्यांतील नोंद मोलाची आहे.

त्याच वर्षीं गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी यांनीं अगदीं वेगळी वाट धरली. जानेवारींत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, तींत वारली आले; २३ मे रोजीं झरी येथें परिषद झाली. वेठ व लग्नगडी यांविरुद्ध लढा उभारतांना पाड्यापाड्यांतून जी हकीकत कानीं आली, ती गोदावरीबाईंनीं ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या ग्रंथांत १९७० सालीं प्रसिद्ध केली. सरकारी अधिकाऱ्यापुढें जें तोंडावाटे निघालें नसतें, तें येथें निघालें, कारण विचारणारी त्यांच्या बाजूची होती. पण म्हणूनच, आणि मध्यें पाव शतक लोटलें म्हणून, तारखा व संख्या इतर साधनांशीं ताडून घेणें अवश्य आहे. गवतकापणीच्या संपांत ५०० पौंडांस अडीच रुपये असा दर मागितला गेला. मागणी दिवसावर नसून वजनावर आहे, हें ध्यानांत घ्यावें. कामाचें माप कामकऱ्यासच नेमकें ठाऊक असतें. त्याच संपाच्या काळांत, १० ऑक्टोबर १९४५ रोजीं, तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच माणसें पडलीं.

छापील प्रश्नावली ही आणखी एक पद्धत. मार्क्सनें १८८० सालीं फ्रान्समधील कामकऱ्यांसाठीं सुमारें १०० प्रश्न छापविले. उत्तरें थोडींच आलीं. निरक्षर पाड्यांत तर ती निरुपयोगीच ठरती.

आतां संग्राहकांच्या आवडीच्या वस्तूकडे वळूं. सावकाराच्या खतांत मुद्दल, व्याज आणि खालीं आंगठा असतो. आंगठा उठविणारास वरील मजकूर वाचतां येत नसे, आणि त्याच्या बायकोनें मालकाच्या घरीं केलेलें काम कोठेंच जमा पडत नसे. राजवाडे यांनीं याच उत्तर कोंकणाची ‘महिकावतीची बखर’ १९२४ सालीं छापली. बखर वाचतांना लिहविणाराचा हेतु ओळखावा लागतो, तीच दृष्टि खतांनाही लावली पाहिजे. आमच्या मतें खत आधीं वाचावें, मग त्याच कुटुंबांतील वृद्धांस, मालकाच्या माणसांच्या गैरहजेरींत, विचारावें, आणि दोहोंत विरोध आला तर तो तसाच टिपून ठेवावा.

शोध करणारांनीं आणखी एक लक्षांत ठेवावें. १ मे १९६० रोजीं उंबरगांव गुजरातेंत गेलें व तलासरीकडील गांवें महाराष्ट्रांत राहिलीं. वेवजीच्या शिवेपलीकडील सोळसुंबा हें आज वलसाड जिल्ह्यांत आहे. तेव्हां एकाच जमीनदाराच्या कुळांचे कागद पाहावयाचे तर पालघर व वलसाड अशा दोन्ही ठिकाणीं चौकशी करावी लागते.