टी.व्ही.चा यू.एस.बी. पोर्ट : पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे?

पूर्वी टी.व्ही. घ्यायला गेलेला ग्राहक दोनच गोष्टी विचारीत असे. पडदा किती इंचांचा आणि वॉरंटी किती वर्षांची? आता त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे, ‘यू.एस.बी. आहे का?’ दुकानदार सांगतो, ‘आहे ना, दोन आहेत,’ आणि सौदा होतो. संच ऑफिसात आल्यावर लॅपटॉपची वायर त्या पोर्टात घातली जाते, पण पडद्यावर चित्र काही येत नाही. दुकानदार खोटे बोललेला नसतो आणि ग्राहकाच्या ऐकण्यातही चूक झालेली नसते. चूक असते ती ‘आहे’ या अर्धवट उत्तरात.

आज लहान कारखानदार, घाऊक व्यापारी आणि शिकवणी वर्गांचे चालक बैठकीसाठी टी.व्ही. घेऊ लागले आहेत. परगावच्या गिऱ्हाइकाला मालाचे नमुने पडद्यावर दाखविता आले तर प्रवासाचा खर्च वाचतो. म्हणूनच या छोट्या पोर्टाचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे.

मालक एक, कामगार अनेक

जानेवारी १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आय.बी.एम., कॉम्पॅक, डी.ई.सी., एन.ई.सी. आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी यू.एस.बी.चे पहिले प्रमाण जाहीर केले. त्याआधी संगणकाला की-बोर्ड, माऊस व प्रिंटर यांच्यासाठी वेगवेगळी सॉकेट असत. हा घोळ मिटविणाऱ्या इंटेलच्या पथकाचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर आहेत, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब आहे.

या व्यवस्थेत वायरीच्या एका टोकाला मालक असतो आणि दुसऱ्या टोकाला कामगार. संगणक हुकूम देतो, प्रिंटर तो पाळतो. टी.व्ही.चा नेहमीचा चौकोनी पोर्ट हाही मालकच आहे. पेन ड्राइव्ह लावला की टी.व्ही. त्यातील चित्रपट वाचतो. परंतु लॅपटॉपही मालकच असल्याने या पोर्टांवर दोघे समोरासमोर आले की कामगार कोणीच उरत नाही आणि काम होत नाही. दोन्ही टोकांना सारखीच चौकोनी पिन असलेली वायर आणून हा प्रश्न सुटत नाही, उलट यंत्र बिघडण्याचा धोका असतो.

दुसरे कारण वेगाचे आहे. फुल एच.डी. पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली तर दर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट पाठवावे लागतात. २००० साली आलेल्या यू.एस.बी. २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८ कोटी बिट एवढाच आहे. पेन ड्राइव्हमधील चित्रपट आधीच दाबून लहान केलेला असतो आणि तो उलगडण्याचे काम टी.व्ही.मधील चिप करते, म्हणून तो चालतो. लॅपटॉपचे चित्र टी.व्ही.वर आणण्यासाठी एच.डी.एम.आय. वायरच वापरावी.

कॅमेरा कोठे लावावा?

वेबकॅमसाठी २००३ मध्ये एक समान पद्धत ठरली. त्यामुळे आज बहुतेक कॅमेरे वेगळी सी.डी. किंवा प्रोग्राम न घालता संगणकाला लावताच चालू होतात. टी.व्ही.चे तसे नाही. टी.व्ही.च्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कॅमेऱ्याची सोय असेल तरच तो चालतो.

येथे एक जुना अनुभव लक्षात घेण्यासारखा आहे. २०१० च्या सुमारास काही बड्या कंपन्यांच्या टी.व्ही.मध्ये स्काइप आले. कॅमेरा जोडून घरबसल्या समोरासमोर बोलता येऊ लागले. जून २०१६ मध्ये टी.व्ही.वरील स्काइपचा आधार काढून घेण्यात आला आणि मे २०२५ मध्ये तर स्काइपच बंद झाले. पोर्ट जागेवरच राहिला, त्यामागची सेवा गेली. म्हणून लहान ऑफिसासाठी सोपा व टिकाऊ मार्ग असा : कॅमेरा, माइक व स्पीकर यू.एस.बी.ने लॅपटॉपला जोडावेत आणि लॅपटॉप एच.डी.एम.आय.ने टी.व्ही.ला जोडावा. उद्या बैठकीचे अॅप बदलले तरी टी.व्ही. बदलावा लागणार नाही. मात्र यू.एस.बी. २.० ची साधी वायर ५ मीटरपेक्षा लांब घेऊ नये.

टाइप-सीचे गौडबंगाल

२०१४ मध्ये उलट-सुलट कशीही बसणारी टाइप-सी पिन आली. तिच्यातून माहिती, चित्र आणि वीज ही तिन्ही एकाच वायरीने नेता येतात. २०२१ च्या सुधारित प्रमाणानुसार ही वीज २४० वॅटपर्यंत जाऊ शकते. ही सोय मॉनिटर व कॉन्फरन्ससाठी बनविलेल्या पडद्यांवर अधिक आढळते, घरगुती टी.व्ही.वर क्वचितच. शिवाय टाइप-सी हे केवळ पिनेच्या आकाराचे नाव आहे. काही पोर्ट फक्त चार्जिंगपुरते असतात, काहींतून चित्र जात नाही. वायरीचेही तसेच. स्वस्त चार्जिंगची वायर चित्र नेईलच असे नाही.

खरेदी करताना

आपला लॅपटॉप, कॅमेरा आणि पेन ड्राइव्ह दुकानात घेऊन जावा व संच चालू करवून तपासावा. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यात ४ जी.बी.पेक्षा मोठी फाइल मावत नाही, हे ध्यानात ठेवावे. यू.एस.बी. २.० पोर्टाकडून अर्ध्या अँपिअरहून अधिक विजेची अपेक्षा धरू नये. मोठ्या हार्ड डिस्कला ती कमी पडते.

विक्रेत्या बंधूंनाही एक सूचना करावीशी वाटते. ‘यू.एस.बी. आहे’ एवढे सांगून थांबू नका. कोणत्या पोर्टातून पेन ड्राइव्ह चालतो, कोणत्यातून लॅपटॉपचे चित्र येते आणि कॅमेरा चालतो की नाही, हे एका चिठ्ठीवर लिहून संचाला चिकटवा. त्याने एखादा सौदा हातचा जाईलही. पण परत आलेला संच गाडीभाडे खातो आणि नाराज ग्राहक चार नवी गिऱ्हाइके तोडतो. खरी माहिती सांगणाऱ्या दुकानाची पायरी ग्राहक पुन्हा चढतो, आणि धंद्यात अखेर तीच कमाई टिकते.